दर चाळीस, बचत पंधरा: आयटीचं काम परदेशी पाठवायचं की नाही, हे कसं ठरतं

एखाद्या कंपनीने आयटीचं काम परदेशी दिलं की बातमीत कारण एकच येतं: तिथे माणूस स्वस्त पडतो. खोटं नाही ते. पण एवढंच खरं असतं, तर एव्हाना सगळं काम जगातल्या सगळ्यात स्वस्त शहरात जाऊन बसलं असतं. प्रत्यक्षात एकाच कंपनीचं टेस्टिंग एका देशात चालतं, पगारपत्रकाची प्रणाली दुसऱ्या देशातून सांभाळली जाते आणि मालाची किंमत ठरवणारं सॉफ्टवेअर मात्र मुख्यालयाबाहेर पाऊलही टाकत नाही. काही कंपन्या तर वर्षानुवर्षं बाहेर दिलेलं काम गाजावाजा करून परत आणतात.

तासाचा दर हा या निर्णयातला सोपा भाग. तो कोणीही विचारून आणतो. अवघड प्रश्न दोन आहेत. जे काम पाठवायचं, ते समोर नसलेल्या माणसाला लिहून समजावता येतं का? आणि परत आलेलं काम बरोबर आहे की नाही, हे ओळखणारं कोणी कंपनीत उरणार आहे का? बाकीची चर्चा भरपूर होते, पण शेवटी या दोन प्रश्नांपाशीच येऊन ठेपते, असं माझं मत आहे.

कोणी करायचं, कुठून करायचं

आधी दोन निर्णय सुटे करून घेऊ, कारण ते नेहमी एकत्र बांधून बोलले जातात. काम आपल्या पगारी माणसांनी करायचं की व्हेंडरने, म्हणजे बाहेरच्या कंपनीने, हा एक. ते आपल्या देशातून करायचं की दुसऱ्या, हा दुसरा. ईस्टमन कोडॅकने १९८९ मध्ये आपली डेटा सेंटर्स आयबीएमकडे चालवायला दिली. तिथे काम कंपनीबाहेर गेलं, देशाबाहेर नाही. एवढी नावाजलेली कंपनी कंप्युटरसारखा नाजूक कारभार दुसऱ्याच्या हाती सोपवते म्हटल्यावर बाकीच्यांचीही भीड चेपली. त्याच्या चार वर्षं आधी, १९८५ मध्ये, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत स्वतःचं डिझाइन केंद्र काढलं होतं, उपग्रहामार्फत अमेरिकेशी जोडलेलं. तिथे देश बदलला, मालक नाही. अशा स्वतःच्या परदेशी केंद्राला पूर्वी ‘कॅप्टिव्ह’ म्हणत, आता ‘जीसीसी’ (ग्लोबल कॅपॅबिलिटी सेंटर) म्हणतात.

बाहेरच्या कंपनीकडे आणि तेही परदेशात, असं काम मोठ्या प्रमाणावर जायला लागलं ते नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात. निमित्त वायटूकेचं. कोबोल भाषेतल्या जुन्या प्रोग्राममध्ये वर्ष दोनच आकड्यांत साठवलेलं असे, त्यामुळे ‘००’ म्हणजे १९०० की २००० हे त्यांना कळणार नव्हतं. लाखो ओळी तपासायच्या, तारखेची जागा शोधायची, बदलायची, चाचणी घ्यायची. काम अफाट, पण नियम चारच. मुदत अशी, की ती पुढे ढकलणं कोणाच्याच हातात नाही. शिवाय घरच्या प्रोग्रामरना त्याचा मनापासून कंटाळा. कधी न भेटलेल्या, हजारो मैलांवरच्या माणसांकडे सोपवायला याहून सोयीचं काम सापडणं कठीण होतं. त्याच सुमारास डॉटकॉमच्या तेजीत समुद्राखालून गरजेपेक्षा कितीतरी जास्त फायबर केबल टाकल्या गेल्या आणि तेजी फुटल्यावर त्यांची क्षमता पडेल भावाने मिळू लागली. ओळख वायटूकेने करून दिली होती, जोडणी स्वस्त झाली होती. पुढची कामं त्याच वाटेने गेली.

रेट कार्ड आणि खरा हिशोब

व्हेंडर सुरुवातीलाच रेट कार्ड पुढे ठेवतो: अमुक अनुभवाचा डेव्हलपर, ऑनसाइट (ग्राहकाकडे बसून) इतके, ऑफशोअर (परदेशातून) इतके. ते पाहून वित्त विभागाचे डोळे चमकतात. त्यावर कागदावर एक हिशोब करून बघू. आकडे मी सोयीसाठी धरलेत, खर्चाचे रकाने मात्र खरे आहेत.

समजा, कंपनीत १०० जणांची टीम आहे आणि प्रत्येकावर वर्षाला १०० एकक खर्च होतो. एकूण १०,०००. ऑफशोअर माणूस ४० ला मिळतो. वरवर पाहता बचत ६० टक्के.

आता रकाने भरू. सगळीच माणसं परदेशात बसवून भागत नाही. ग्राहकाशी रोज बोलायला काही जण ऑनसाइट लागतात. पाचातला एक धरू, त्याचा दर ९०. नवी टीम शिकत असते आणि दूर असते, म्हणून १०० जणांचं काम १०० जणांत होत नाही, ११५ धरू. झाले २३ ऑनसाइट आणि ९२ ऑफशोअर, म्हणजे २,०७० अधिक ३,६८०, एकूण ५,७५०. जुन्या शंभरातले १२ जण कंपनीला ठेवावेच लागतात: व्यवसायाला काय हवंय ते समजून घेऊन व्हेंडरला सांगणारे, डिझाइन तपासणारे, बिलं पडताळणारे. ही अनुभवी मंडळी, ११० प्रमाणे १,३२०. प्रवास, नेटवर्क, सुरक्षेचं ऑडिट, वकील मिळून ४००. वर्षाचा खर्च झाला ७,४७०. साठ टक्क्यांची बचत इथेच पंचवीसवर आली.

अजून सुरुवातीचा खर्च राहिला. केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, चार महिने चालतं. जाणारे ८८ जण तोवर पगारावर असतात आणि त्याच काळात नव्या टीमचं बिलही लागतं. हे जास्तीचे २,९३३. मग त्यांना निरोप देताना तीन-तीन महिन्यांचा पगार, २,२००. एकूण ५,१३३, एकदाच, पण पहिल्याच वर्षात. दरवर्षीची बचत २,५३०. म्हणजे दुसरं वर्ष संपतानाही कंपनी ७३ एककांनी मागेच असते. पाच वर्षांचा करार पूर्ण झाला आणि वाटेत काहीच बिघडलं नाही, तर निव्वळ बचत ७,५१७. पाच वर्षांच्या ५०,००० वर ती १५ टक्के भरते.

पंधरा टक्के काही वाईट नाहीत. पण साठ ऐकून आलेल्या संचालकाला पंधरा सांगायचे, तर धाडस लागतं. शिवाय ते पंधराही फार नाजूक असतात. पगारवाढीमुळे किंवा चलनाचा भाव फिरल्यामुळे ऑफशोअर दर ४० चा ४८ झाला, की वर्षाच्या बचतीतले ७३६ गेले. केटी चारऐवजी सहा महिने चाललं, तर आणखी १,४६७ गेले. केटी लांबतंच, हे वेगळं सांगायला नको. ज्याची नोकरी जाणार आहे तोच माणूस आपल्या जागी येणाऱ्याला शिकवतोय. त्याच्याकडून किती उत्साहाची अपेक्षा धरायची?

एक गोष्ट मात्र या हिशोबात बसत नाही. अनेक कंपन्या बाहेर जातात त्या स्वस्ताईसाठी नव्हे, तर घरी माणसंच मिळत नाहीत म्हणून. सहा महिन्यांत दोनशे डेटा इंजिनिअर हवे आहेत आणि स्थानिक बाजारात वीसही रिकामे नाहीत, अशा वेळी तुलना १०० आणि ४० ची नसते. ती काम होण्याची आणि न होण्याची असते. तिथे दरावर फार घासाघीस करणाऱ्या कंपनीला दुय्यम टीम मिळते आणि मग ती तक्रार करत बसते.

लिहून देता येतं का

एक उदाहरण जवळून पाहू. विमा कंपनीच्या मॅनेजरला एक रिपोर्ट हवाय: चालू पॉलिसींची यादी. मागणी इतकी साधी. दूरच्या डेव्हलपरने डेटाबेसमधून मुदत न संपलेल्या पॉलिसी काढल्या, टेस्टिंग झालं, रिपोर्ट गेला. आकडा चुकला. हप्ता चुकल्यावर जी वाढीव मुदत मिळते, त्या मुदतीतल्या पॉलिसीही चालू धरायच्या होत्या. क्लेम दाखल झालेला पण निकाली न निघालेला असेल, तर ती पॉलिसी वेगळ्या रकान्यात दाखवायची होती. आणि काही वर्षांपूर्वी विलीन झालेल्या एका छोट्या कंपनीकडून आलेल्या पॉलिसींचे स्टेटस कोड नेमके उलटे आहेत. ही शेवटची गोष्ट कुठल्याच कागदावर नाही. ती अकाउंट्समधल्या एका बाईंना माहीत आहे.

शेजारच्या खोलीत बसलेला डेव्हलपर त्या बाईंच्या टेबलापाशी जातो आणि पाच मिनिटांत उत्तर घेऊन येतो. मुळात, जेवायच्या सुट्टीत हा विषय त्याच्या कानावरून आधीच गेलेला असण्याची शक्यता जास्त. न्यूयॉर्क आणि भारत यांच्यात उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचं अंतर असतं. भारतातून डेव्हलपरचा प्रश्न निघतो तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रात्र असते. उत्तर दुसऱ्या दिवशी पोचतं, त्यातून उपप्रश्न निघतो, पुन्हा एक दिवस. दोन-तीन प्रश्नांत आठवडा संपतो. त्यापेक्षा वाईट म्हणजे, प्रश्न पडायलाच हवा होता हेच डेव्हलपरला कळत नाही. उलट्या कोडबद्दल तो विचारणार तरी कसा?

या वेळेच्या फरकाचा फायदाही सांगितला जातो: इकडे झोपले की तिकडे काम सुरू, घड्याळभर कारखाना चालू. सर्व्हरवर नजर ठेवणं, रात्री आपोआप चालणाऱ्या बॅच सांभाळणं, टिकिटं (नोंदवलेल्या तक्रारी) निकाली काढणं, अशा कामांत तो फायदा खरा आहे. तिथे पाळी बदलताना पुढच्याला सांगायचं असतं ते चार ओळींत मावतं. अजून आकार न आलेल्या नव्या प्रॉडक्टमध्ये मात्र तोच फरक नडतो. म्हणून अमेरिकन कंपन्या काही कामं मेक्सिको किंवा कोलंबियात देतात आणि पश्चिम युरोपातल्या कंपन्या पोलंड-रोमानियात. दर जास्त पडतो, पण दोन्हीकडचे लोक एकाच वेळी जागे असतात.

अनुभवी मॅनेजर त्यामुळे कामाची विभागणी ‘महत्त्वाचं’ आणि ‘बिनमहत्त्वाचं’ अशी करत नाहीत. ते बघतात की हे काम किती लिहून देता येतं, दर महिन्याला किती बदलतं आणि चूक झाली तर ती किती लवकर उघड होते. व्हर्जन अपग्रेड, रिग्रेशन टेस्टिंग (बदलानंतर जुनं काही बिघडलं नाही ना, ते तपासणं), जुन्या प्रणालीची देखभाल ही कामं आधी जातात. ग्राहकाच्या खिशातून किती पैसे घ्यायचे ते ठरवणारा कोड सगळ्यात शेवटी जातो, किंवा जातच नाही. त्यातली चूक तीन महिन्यांनी नफ्या-तोट्याच्या पत्रकात दिसते आणि तोवर उशीर झालेला असतो.

अर्थशास्त्रात हा विचार जुना आहे. बाजारात सगळंच विकत मिळत असेल तर कंपन्या मुळात असतात कशाला, असा प्रश्न रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्ये विचारला होता. त्यांचं उत्तर असं, की बाहेरून घेण्यालाही खर्च येतो. माणूस शोधा, घासाघीस करा, करार करा, लक्ष ठेवा. हा खर्च घरात काम करून घेण्यापेक्षा कमी असेल तिथेच बाहेर जाणं परवडतं. ऑलिव्हर विल्यमसन यांनी पुढे दाखवलं, की काम जितकं एका ग्राहकापुरतं खास, तितके दोन्ही पक्ष एकमेकांत अडकतात आणि तितकी आडमुठेपणाची सोय होते. दोघांनाही नोबेल मिळालं, कोस यांना १९९१ मध्ये आणि विल्यमसन यांना २००९ मध्ये. व्हेंडरने तिसऱ्या वर्षी दर वाढवून मागितला आणि त्याच्याशिवाय ती प्रणाली कोणालाच कळत नाही, असं लक्षात आलं, की विल्यमसन न वाचताही समजतात.

घरात कोण उरणार

सल्लागार कंपन्यांचं आवडतं सूत्र असं: जो तुमचा गाभा आहे तो जपा, बाकीचं बाहेर द्या. ऐकायला छान. अडचण एवढीच, की गाभा कोणता हे दर दहा वर्षांनी बदलतं आणि बदलल्याचं कळतं ते उशिरा.

जनरल मोटर्सची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. या कंपनीने १९८४ मध्ये ईडीएस ही आयटी सेवा देणारी कंपनीच अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली आणि १९९६ मध्ये ती वेगळी काढली. पुढची बरीच वर्षं तिचं आयटीचं काम बाहेरचे लोक करत होते. २०१२ मध्ये रँडी मॉट हे मुख्य माहिती अधिकारी म्हणून आले तेव्हा जवळपास ९० टक्के काम व्हेंडरकडे होतं. त्यांनी ते गणितच उलटं करायचं जाहीर केलं: तीन वर्षांत ९० टक्के काम घरात. त्यासाठी हजारो माणसं घेतली, नवी केंद्रं उघडली. मोटार हे एव्हाना चाकांवरचं सॉफ्टवेअर व्हायला लागलं होतं. सॉफ्टवेअर कसं करतात हे माहीत असलेली माणसंच घरात नसतील, तर व्हेंडरकडे नेमकं काय मागायचं हेसुद्धा कळत नाही.

परत आलेलं काम ओळखणारं कोणी नसलं तर काय होतं, याचं ठळक उदाहरण ब्रिटनमधल्या टीएसबी या बँकेचं. स्पेनच्या साबादेल समूहाने ती विकत घेतल्यावर तिचे सगळे व्यवहार नव्या प्रणालीवर हलवायचे होते. ते काम समूहाच्याच सॅबिस या आयटी कंपनीकडे होतं. एप्रिल २०१८ मध्ये एका वीकेंडला डेटा हलवला गेला. सोमवारी लोकांना खाती उघडेनात, काहींना दुसऱ्याच ग्राहकांची माहिती दिसू लागली. गाडी रुळावर यायला काही महिने लागले. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला आणि त्याच्या कारणांत आउटसोर्सिंगची जोखीम नीट न सांभाळणं हेही होतं. २०२३ मध्ये बँकेच्या तेव्हाच्या मुख्य माहिती अधिकाऱ्याला व्यक्तिशः दंड झाला. पुरवठादार खरंच तयार आहे का, हे त्याने पुरेसं तपासून घेतलं नव्हतं. पुरवठादार भावकीतलाच होता, तरी ही गत.

म्हणूनच वरच्या हिशोबातले ते १२ जण सगळ्यात महत्त्वाचे. खर्च कापताना हात नेमका त्यांच्यावर पडतो. आठ ठेवा, सहा ठेवा, व्हेंडर आहेच की. दोन वर्षांनी मग व्हेंडरच सांगतो काय बांधायचं, तोच बांधतो आणि झालं की नाही हेही तोच सांगतो.

कायद्याचं कुंपण

काही वेळा निर्णय बाराखडीपाशीच संपतो, कारण कायदा आडवा येतो. अमेरिकेच्या संरक्षणविषयक तांत्रिक माहितीला आयटार हे नियम लागू होतात. ती माहिती परवान्याशिवाय परदेशी नागरिकाला दाखवता येत नाही, तो अमेरिकेतच बसलेला असला तरी.

युरोपात जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. सर्व्हर फ्रँकफर्टमध्ये आहे म्हणजे आपण सुरक्षित, असं अनेकांना वाटतं. पण दुसऱ्या खंडातला सपोर्ट इंजिनिअर तीच माहिती स्क्रीनवर उघडतो, तेव्हा तेही हस्तांतरणच धरलं जातं. जुलै २०२० मध्ये युरोपीय न्यायालयाने अमेरिकेत माहिती पाठवण्यासाठीची ‘प्रायव्हसी शील्ड’ व्यवस्था रद्द केली आणि सांगितलं, की नमुना कलमं करारात चिकटवून भागणार नाही, समोरच्या देशाचा कायदा काय आहे तेही पाहा. बँका आणि विमा कंपन्यांना तिथे जानेवारी २०२५ पासून ‘डोरा’ नियमही लागू आहेत. त्यांनी आयटी पुरवठादारांची नोंदवही ठेवायची, बाहेर पडायची योजना आधीच तयार ठेवायची. काम दुसऱ्याला देता येतं, जबाबदारी देता येत नाही, हा त्यामागचा विचार.

कराचं कलम तर थेट हिशोबात उतरतं. अमेरिकेत २०२२ पासून सॉफ्टवेअर घडवण्याचा खर्च त्याच वर्षी वजा करता येईना. देशात झालेला खर्च ५ वर्षांत आणि परदेशात झालेला १५ वर्षांत विभागून दाखवायचा. जुलै २०२५ मध्ये देशातल्या खर्चाला जुनी सवलत परत मिळाली, परदेशातल्या खर्चाचे १५ कायम राहिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी (कामाच्या व्हिसाच्या) अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क आलं. आपल्या हिशोबातले ते २३ ऑनसाइट आठवत असतील. त्यांचा ९० चा दर अशा एका सहीने हलतो.

व्हेंडर आणि देश

व्हेंडर निवडताना त्याचं तंत्रज्ञान सगळे बघतात, त्याचा ताळेबंद कमी लोक बघतात. ७ जानेवारी २००९ ला सत्यम या भारतीय आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी हिशोबात वर्षानुवर्षं फेरफार केल्याचं पत्र लिहिलं, तेव्हा जगभरच्या कंपन्यांच्या प्रणाली सत्यमची माणसं चालवत होती. काही महिन्यांत टेक महिंद्राने कंपनी घेतली आणि बहुतेक काम सुरू राहिलं. पण तेव्हापासून मोठे ग्राहक सगळी अंडी एका टोपलीत ठेवायला कचरतात. एक व्हेंडर मुख्य, दुसरा तयारीत.

देशाचीही जोखीम असते. जानेवारी २००८ च्या शेवटी अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि मध्यपूर्वेपासून भारतापर्यंत इंटरनेट मंदावलं. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा एपॅमसारख्या सॉफ्टवेअर सेवा देणाऱ्या कंपनीचे हजारो इंजिनिअर युक्रेन, बेलारूस आणि रशिया या तिन्ही देशांत होते. मार्च २०२० ची गंमत वेगळीच. अनेक करारांत काम फक्त व्हेंडरच्या कुलूपबंद दालनातूनच करायचं, अशी अट होती. लॉकडाउन लागल्यावर घरून काम करू द्यायला ग्राहकांची घाईघाईने परवानगी घ्यावी लागली. वर्षानुवर्षं जी अट सुरक्षेचा कणा म्हणून मिरवली, ती काही दिवसांत सैल झाली.

माणसं सोडून जाणं हे यातलं रोजचं दुखणं. २०२२ च्या मध्यात इन्फोसिसचं ॲट्रिशन वर्षाला २८ टक्क्यांच्या वर गेलं होतं. चार महिने केटी देऊन तयार केलेल्या टीममधले चारातले एकाहून जास्त जण वर्षभरात गेले, तर शिकवलेलं नेमकं कोणाकडे राहिलं? म्हणून करारात मोजक्या माणसांची नावं घालून ती ठरावीक काळ हलवायची नाहीत, असं कलम असतं. व्हेंडर त्यावर सही करतो. तो माणूस राजीनामा देतो तेव्हा कलमाचा उपयोग नसतो.

करार काय शिकवतो

पैसे कसे द्यायचे, यावरून समोरचा कसा वागणार ते ठरतं. माणसाच्या तासांचे पैसे दिले, की काम लवकर संपवण्यात व्हेंडरला रस नसतो. ठरावीक रकमेत काम दिलं, की त्याला रस असतो, पण प्रत्येक छोट्या बदलाला ‘सीआर’, म्हणजे बदलाची वेगळी विनंती, लागतो आणि सीआरची किंमत मूळ दरापेक्षा चढी असते. टिकिटामागे पैसे दिले, तर टिकिटं कमी व्हावीत असं फक्त ग्राहकाला वाटतं.

एसएलएचं, म्हणजे सेवा कशी मिळावी ते ठरवणाऱ्या कलमांचं, तेच. ‘गंभीर तक्रारीला १५ मिनिटांत प्रतिसाद’ असं लिहिलं, तर १५ मिनिटांत प्रतिसाद येतो: ‘आम्ही बघतोय’. तक्रार कधी सुटणार, हे त्या कलमात नव्हतंच. महिन्याचा रिपोर्ट हिरवागार आणि वापरणारे लोक लालबुंद, अशा एसएलएला या धंद्यात कलिंगडच म्हणतात.

सर्वात दुर्लक्षित कलम बाहेर पडण्याचं. लग्न ठरवताना घटस्फोटाची बोलणी करणं कोणालाच आवडत नाही. पण कोड कोणाच्या मालकीचा, पासवर्ड कोणाकडे, जाताना उलटं केटी किती महिने आणि त्याचे पैसे कोण देणार, हे पहिल्याच दिवशी लिहिलं नसेल, तर पाचव्या वर्षी किंमत व्हेंडर ठरवतो. जेपी मॉर्गन चेसने २००२ च्या शेवटी आयबीएमशी ७ वर्षांचा ५ अब्ज डॉलरचा करार केला आणि बँक वनशी विलीनीकरण झाल्यावर २००४ मध्ये तो मोडून हजारो माणसं परत आत घेतली. करार चुकलाच होता असं नाही. बँकच बदलली होती.

बैठकीत काय होतं

हे सगळं वाचून वाटेल, की कंपन्या मोठा तक्ता मांडून, गुण देऊन, बेरीज करून ठरवतात. तक्ते असतात, आरएफपीला, म्हणजे प्रस्ताव मागवणाऱ्या कागदाला, दोनशे पानांची उत्तरं येतात, गुणही दिले जातात. पण बऱ्याचदा निर्णय आधी झालेला असतो. नव्या वित्त अधिकाऱ्याने संचालक मंडळाला खर्चकपातीचा शब्द दिलेला असतो, प्रतिस्पर्ध्याने काम बाहेर दिल्याची बातमी आलेली असते, किंवा आयटी विभागाशी कोणाचं तरी पटत नसतं. तक्ता मग त्या निर्णयाला कपडे घालायला वापरतात. गुणांचं वजन थोडं इकडे-तिकडे केलं, की हवा तो व्हेंडर पहिला येतो.

घाईत नसलेल्या कंपन्या आधी एक छोटं, स्वतंत्र काम सहा महिन्यांसाठी देऊन बघतात. त्यात बचत होत नाही, कधी तोटाच होतो. पण आपल्याला काम लिहून देता येतं का, हे कळतं. पुष्कळदा असं निघतं, की व्हेंडर ठीक होता, आपल्याच प्रक्रिया कुठे लिहिलेल्या नव्हत्या. मग वर्षभर घरातला पसारा आवरण्यात जातो, आणि आवरून झाल्यावर काही कामं पाठवायची गरजच उरत नाही.

हल्ली या बैठकीत तिसरा पर्याय येऊन बसलाय. नेमकेपणाने लिहून देता येणारं काम परदेशी जात होतं, आणि नेमकं तेच काम कोड लिहिणाऱ्या एआय साधनांना सगळ्यात चांगलं जमतं: टेस्ट केस, जुन्या कोडचं भाषांतर, ठरावीक टिकिटांची उत्तरं. त्यामुळे करार नूतनीकरणाला आला, की पहिला वाद माणसांच्या संख्येवर होतो. ११५ जणांचं काम साधनांमुळे ९० जणांत होत असेल, तर उरलेल्या २५ जणांचे पैसे कोणाचे? साधन व्हेंडरने आणलं, म्हणून तो म्हणतो आमचे. कोड आमचा, त्यावरच ते साधन चालतं, म्हणून ग्राहक म्हणतो आमचे. जुन्या करारांमध्ये याबद्दल एक ओळही नाही, आणि सध्या दोन्हीकडचे वकील ती ओळ लिहिण्यात गुंतलेत.